अंतर ठेवा!

आपल्या मराठीत ‘अंतर’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. दोन गावांमध्ये अंतर असते, ते कोसांत नाहीतर मैलांत मोजावयाचे. दोन भावांमध्ये अंतर पडते, ते कशातच मोजता येत नाही. आई लेकराला अंतर देत नाही. आणि संतांना जे अंतर अभिप्रेत असते, ते तर आपल्या छातीच्या आतच असते. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना त्याचे अर्थ लिहून काढावयास लावते. या सदराच्या जुन्या वाचकांना माझी ही खोड ठाऊकच आहे. एखाद्या शब्दाचे बोट धरायचे आणि तो नेईल तिकडे जायचे! पण यंदा या शब्दाने मला थेट आकाशात नेले, विमानांच्या वाटेवर. तिथे ‘अंतर’ या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो कोणी विसरला तर माणसे मरतात.

त्याचे असे झाले. पावसाळा सरता सरता आम्ही चार दिवस चिखलदऱ्यास गेलो होतो. आम्हा अमरावतीकरांना चिखलदरा म्हणजे हक्काचे माहेर. महाबळेश्वर-माथेरान पुण्यामुंबईच्या मंडळींनी खुशाल घ्यावे. आम्हाला सातपुड्याच्या माथ्यावरचे, साडेतीन हजार फुटांवरचे हे आमचे गाव पुरे. बरोबर माझी थोरली ताई, तिचे यजमान आणि दोन्ही घरची मुले होती. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, नागपूरच्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कामात सारी नोकरी घालवून निवृत्त झालेले. गृहस्थ कमालीचे मितभाषी. “यांनी आपले सगळे शब्द नोकरीतच संपवले,” असे ताई नेहमी म्हणते.

सकाळी आम्ही गाविलगडाकडे निघालो होतो. रात्री पाऊस पडून गेला होता आणि आकाश कसे घासलेल्या तांब्यासारखे लख्ख होते. वर दोन पांढऱ्या रेघा उमटत होत्या. एक उत्तरेकडून दक्षिणेकडे चालली होती, दुसरी पश्चिमेकडून पूर्वेकडे. माझा धाकटा ओरडला, “काका, आपटणार! ती दोन विमानं एकमेकांवर आपटणार!”

भाऊजींनी चालता चालता वर पाहिले आणि म्हणाले, “रेघा एकमेकींना छेदतात रे, विमानं नाही छेदत. एक वर आहे, एक खाली. मधे निदान हजार फूट आहेत.”

“फक्त हजार फूट?” मी विचारले. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. सकाळी फिरावयास निघालेला माणूस तेवढे चार मिनिटांत चालून जातो.

“फक्त काय म्हणतेस? त्या हजार फुटांसाठी आम्ही जन्म काढला,” भाऊजी म्हणाले. आणि काय नवल, मग गडाच्या दरवाजापर्यंत ते बोलतच राहिले.

आकाशातले हे अंतर तीन बाजूंनी मोजतात असे त्यांनी सांगितले. खालीवर साधारण हजार फूट. एकाच उंचीवर असतील तर, रडार असलेल्या प्रदेशात, मार्गावर पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटरच्या आसपास. आणि विमानतळाजवळ, जिथे सगळ्यांनाच एका दारातून आत यावयाचे असते, तिथे तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर. तिसरे अंतर मागचे आणि पुढचे. मोठे विमान जाते तेव्हा आपल्या मागे हवेचे दोन भोवरे सोडून जाते. लहान विमान त्यात सापडले तर सुपातल्या दाण्यासारखे उलटते. म्हणून थोराच्या मागे चालणाऱ्या लहानाने अधिक दूर राहावयाचे.

नऊ किलोमीटर ऐकावयास पुष्कळ वाटतात. भाऊजींनी मुलांना तिथल्या तिथे गणित घातले. दोन विमाने समोरासमोर येत आहेत, दोघांचाही वेग ताशी नऊशे किलोमीटर. नऊ किलोमीटर किती वेळात संपतील? थोरल्या भाचीने बोटे मोडीत उत्तर काढले: अठरा सेकंद! सारी मुले एकदम गप्प झाली.

तुम्ही म्हणाल, वैमानिकाला डोळे नसतात का? समोर विमान दिसले की वळवावे. मलाही तसेच वाटले होते. आदल्या दिवशी परतवाड्याहून घाट चढताना आमच्या गाडीवानाने एका वळणावर समोरच्या मोटारीला मागे सरकावयास लावले होते. मी विचारले तर म्हणाला, “चढत्या गाडीले पयले वाट द्या लागते, मॅडम. उतरनारा थांबू शकते, चढनारा थांबला का गाडी मांगं येते.” किती साधा आणि शहाणा कायदा! पण तो चालतो याचे कारण घाटात गाडी थांबू शकते. विमानाला थांबता येत नाही. अमेरिकेत पूर्वी नियंत्रणाच्या टापूबाहेर वैमानिकांनी ‘पाहावे आणि टाळावे’ अशीच रीत होती. 30 जून 1956 रोजी ग्रँड कॅन्यनच्या दरीवर दोन प्रवासी विमाने ढगांच्या आडून एकमेकांवर आदळली आणि 128 माणसे गेली. ‘पाहा आणि टाळा’ एवढ्यावर मोठ्या विमानांचे भागणार नाही, हे तेव्हा जगाला पटले. वैमानिकाच्या डोळ्यांवर न विसंबता जमिनीवरच्या कोणीतरी सगळ्यांची मिळून काळजी वाहिली पाहिजे, असे ठरले.

आमच्या नागपूरला ही काळजी वाहण्याचा जुना सराव आहे. 1949 साली रात्रीची टपालविमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत. टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परत जात. चार दिशांची चार विमाने, काळोखात, एकाच धावपट्टीकडे! भाऊजी नोकरीस लागले तेव्हा जुनी मंडळी त्या रात्रींच्या गोष्टी सांगत. रडार नसलेल्या काळातली नियंत्रणाची रीत अशी की, वैमानिकाने रेडिओवर आपली जागा, उंची आणि वेळ सांगावयाची आणि नियंत्रकाने ती कागदाच्या पट्टीवर लिहून अंतर मनातल्या मनात जुळवावयाचे. म्हणजे त्या काळी दोन विमानांमधले अंतर राखले ते शब्दांनी. आणि इथेच माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरणीचे कान टवकारले.

दुपारी आम्ही पंचबोलला गेलो. चिखलदऱ्यास गेलेल्या प्रत्येकाने तिथे आपल्या नावाची हाक दिलेली असते. दरीपलीकडच्या डोंगरांवरून ती हाक पुन्हा पुन्हा परत येते. पाच वेळा येते, म्हणून पंचबोल. मुलांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. भाऊजी म्हणाले, “आमच्या कामात हाक एकदाच परत येते. पण परत आली नाही तर आम्ही पुढचा शब्द बोलत नाही.”

नियंत्रक वैमानिकाला सांगतो, ‘अमुक उंचीपर्यंत उतरा.’ वैमानिकाने ‘बरे’ म्हणून चालत नाही. ‘अमुक उंचीपर्यंत उतरतो’ असे आपल्या विमानाच्या नावानिशी परत म्हणावे लागते. आणि नियंत्रकाचे काम तिथे संपत नाही. परत आलेला शब्द आपण दिलेलाच आहे ना, हे त्याने कान देऊन ऐकावयाचे. याला मी ‘प्रतिवचन’ म्हणते. घरात आपण किती सैल बोलतो पाहा. “गॅस बंद केलास का?” “हो हो!” या ‘हो हो’ मध्ये गॅस किती वेळा चालूच राहिलेला असतो!

त्या बोलीचे उच्चारही ठरवून दिलेले आहेत. इंग्रजीच बोलावयाचे, पण इंग्रजांसारखे बोलावयाचे नाही. आकडे उच्चारताना तीनला ‘ट्री’, चारला ‘फोवर’, पाचाला ‘फाईफ’ आणि नवाला ‘नायनर’ म्हणावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. खरखरणाऱ्या रेडिओवर ‘फाईव्ह’ आणि ‘नाईन’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ही तजवीज. आयुष्यभर मी मुलांचे उच्चार सुधारीत आले. आणि इथे जगातल्या शहाण्यांनी एकत्र बसून उच्चार बिघडवले, माणसे वाचावीत म्हणून! मला तर त्यांचे कौतुकच वाटले.

एक शब्द तर त्यांनी कुलपात ठेवला आहे. तो म्हणजे ‘टेक-ऑफ’. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुके होते. एक डच विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि एक अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून हळूहळू पुढे येत होते. डच वैमानिकाने रेडिओवर जे सांगितले त्याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणाला निघालो’ असाही होत होता आणि ‘आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असाही होत होता. टॉवरमधल्या माणसाने दुसरा अर्थ घेतला. ‘थांबा’ असे सांगणारे त्याचे शब्द आणि ‘आम्ही अजून पट्टीवरच आहोत’ हे अमेरिकन वैमानिकाचे शब्द एकाच क्षणी हवेत गेले आणि डच विमानात नुसती शिट्टी ऐकू आली. 583 माणसे मरण पावली. विमानांच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसे कधी गेली नव्हती. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना, तिचे प्रतिवचन देताना किंवा ती परत घेतानाच उच्चारावयाचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणावयाचे. आम्ही व्याकरणवाले एका शब्दाचे दोन अर्थ सापडले की श्लेष म्हणून टाळ्या वाजवतो. पण श्लेषाची जागा कवितेत, हे मला त्या दिवशी नीट कळले.

पण भाऊजींनी मला आणखी पुढे नेले. ते म्हणाले, “शब्द परत आला म्हणजे काम झालं असंही नाही. डोंगरही शब्द परत देतो. डोंगराला काय कळतं?”

मग त्यांनी चरखी दादरीची गोष्ट सांगितली. 12 नोव्हेंबर 1996. दिवाळीचेच दिवस होते. दिल्लीहून संध्याकाळी सौदी अरेबियाचे जंबो विमान निघाले. आत 312 माणसे. त्यांत आखाती देशांत पोटासाठी निघालेले आपले कितीतरी देशबांधव. समोरून कझाकस्तानचे मालवाहू जातीचे विमान 37 माणसांना घेऊन दिल्लीस उतरावयास येत होते. दिल्लीत त्या काळी जाणाऱ्या आणि येणाऱ्या विमानांना एकच वाट होती. नियंत्रकाने चढणाऱ्याला 14,000 फुटांवर थांबविले आणि उतरणाऱ्याला 15,000 फुटांवर. मधे तेच हजार फूट. समोरून विमान येत आहे, दिसले की कळवा, असेही त्याने सांगितले. उत्तरे आली. शब्द परत आले. पण कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान हाकणारे वेगळे होते. बोलणाऱ्यापुढे स्वतःचे उंचीचे यंत्र नव्हते, आणि इंग्रजीशी त्या मंडळींचा परिचय बेताचाच होता. विमान पंधरा हजारांवर थांबले नाही, खाली उतरतच राहिले. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, त्याची उंची दिसत नसे. नियंत्रकाच्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते, आणि मधे हजार फूट आहेत असे समजण्याला त्याच्याजवळ एकच आधार होता, परत आलेला शब्द. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर 349 माणसांचा अंत झाला. आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन एवढी माणसे त्यापूर्वी कधी गेली नव्हती आणि त्यानंतरही गेलेली नाहीत.

न्यायमूर्ती लाहोटी यांनी चौकशी केली. कझाक विमानाने ठरलेली उंची सोडली, हे अपघाताचे कारण त्यांनी नोंदवले. पुढे दिल्लीत जाण्यायेण्याच्या वाटा निराळ्या झाल्या, उंची दाखविणारे रडार आले, आणि दुसरे विमान जवळ आले की वैमानिकाला ‘चढ’ किंवा ‘उतर’ असे स्वतःच ओरडून सांगणारे यंत्र विमानात बसविणे आपल्या देशात सक्तीचे झाले.

यंत्र आले म्हणजे चिंता मिटली, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर दोन विमाने समोरासमोर आली. एका विमानाला यंत्र म्हणाले ‘उतर’, दुसऱ्याला म्हणाले ‘चढ’. पण त्याच वेळी त्या दुसऱ्याला जमिनीवरचा नियंत्रक म्हणाला ‘उतर’. एकाने यंत्राचे ऐकले, दुसऱ्याने माणसाचे ऐकले, आणि दोघेही उतरले. 71 माणसे गेली. त्यांत बरीचशी सहलीला निघालेली शाळकरी मुले. त्या रात्री तो नियंत्रक एकटा दोन जागांचे काम पाहत होता. जोडीदार विश्रांतीला गेला होता आणि दुरुस्तीसाठी काही यंत्रणा बंद होती. दोन वर्षांनी, जिची बायको-मुले त्या विमानात होती अशा एका दुःखाने वेड्या झालेल्या बापाने त्या नियंत्रकाचा खून केला. ऐन क्षणी यंत्राचे आणि माणसाचे बोलणे जुळले नाही तर यंत्राचे ऐकावे, हा नियम त्यानंतर जगभर निःसंदिग्ध झाला. पण त्या खोलीत त्या रात्री दुसरा माणूस बसलेला असता तर? भाऊजी म्हणाले, “आमच्या कामात हुशारीपेक्षा शेजार महत्त्वाचा.”

हे सारे दूरदेशीचे किंवा जुने झाले, असे समजून निश्चिंत होण्याचे कारण नाही. 8 जून 2024 रोजी खुद्द मुंबईत काय झाले ते पुष्कळांनी आपल्या मोबाइलवर पाहिले असेल. एअर इंडियाचे तिरुवनंतपुरमला जाणारे विमान धावपट्टीवर धावत होते. ते हवेत उचलले जाण्यापूर्वीच त्याच पट्टीवर, त्याच्या मागे, इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान टेकले. पुढचे उडाले, मागचे थांबले, कोणाला ओरखडाही आला नाही. दोन्ही कंपन्यांनी सांगितले, आमच्याजवळ टॉवरची परवानगी होती. आता पाहा, परवानग्या दोन आणि पट्टी एक! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला ठेवले.

माझ्या मनात आले, हा नियंत्रक बेफिकीर असेल. भाऊजींनी मान हलविली. ते म्हणाले, “ते चौकशी ठरवेल. तू आधी मुंबईचा नकाशा पाहा.”

मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. त्यामुळे एका वेळी खऱ्या अर्थाने एकच वापरता येते. एका पट्टीवर चालणारा एवढा गजबजलेला विमानतळ जगात क्वचितच असेल. 11 नोव्हेंबर 2023 रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, तिथे 1,032 विमानांची ये-जा झाली आणि तो विक्रम म्हणून वर्तमानपत्रांत आला. गर्दीच्या वेळी तासाला 46 विमाने, म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक उतरणार किंवा उडणार! 2024 च्या फेब्रुवारीत सरकारनेच ही संख्या 44 वर आणावयास लावली. एक उतरते आहे, दुसरे टोकाशी उभे आहे, तिसरे पाच-सहा किलोमीटरवर आले आहे. उभे असलेले विमान धावावयास पाच-सात सेकंद उशिरा सुरू झाले, तर मागच्याचे अंतर तेवढ्याने आटले. त्या सव्वा मिनिटात परवानगी द्यावयाची, प्रतिवचन ऐकावयाचे, खिडकीतून पट्टी पाहावयाची आणि मन बदलावे लागले तर तेही बदलावयाचे.

आता आमच्याकडचीच गोष्ट घ्या. 16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. केवढा आनंद झाला आम्हाला! वर्षानुवर्षे रेल्वेच्या डब्यात रात्र काढणारे आम्ही वऱ्हाडकर, आम्हालाही विमान! आनंद रास्तच आहे. पण आमचे विमान जाऊन उभे राहणार ते मुंबईच्या त्याच रांगेत. गावोगावचा असा रास्त आनंद एकत्र केला की त्या एका पट्टीवर किती ओझे पडते, याचा हिशेब कोणी मांडावयाचा? 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, हा मोठा दिलासा. पण दोन विमानतळ झाले तरी त्यांच्यावरचे आकाश एकच. जमिनीवर पट्ट्या वाढवता येतात. अंतर राखणारी माणसे मात्र शिकवावी लागतात, जोडीने बसवावी लागतात, आणि त्यांना झोप द्यावी लागते.

आणि त्यांना बोलू द्यावे लागते. 2022 च्या जानेवारीत बंगळूरला दोन समांतर पट्ट्यांवरून दोन विमाने जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि वर जाऊन एकमेकांकडे वळू लागली. त्या दिवशी एकच पट्टी वापरण्याचे ठरले होते, पण तो निरोप दुसरी पट्टी पाहणाऱ्या नियंत्रकापर्यंत पोहोचलाच नव्हता. रडारपाशी बसलेल्या तिसऱ्या माणसाने ते पाहिले, एकाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे वळविले, आणि चारशेवर जीव वाचले. त्या माणसाचा सत्कार व्हावयास हवा होता. पण घडलेल्या प्रकाराची नोंदसुद्धा वहीत झालेली नव्हती, असे पुढे उघड झाले.

मला हे सर्वांत अधिक बोचले. कारण हे मी आमच्या क्षेत्रातही पाहते. उत्तरपत्रिका एकाने तपासल्यावर दुसऱ्याने पाहावी, अशी पद्धत असते. ज्या ठिकाणी फरक निघाल्यावर ‘बरे झाले सापडला’ असे म्हणतात, तिथे फरक सापडतात. ज्या ठिकाणी पहिली विचारणा ‘हे कोणी केले?’ अशी असते, तिथे फरक सापडतच नाहीत. ते नसतात म्हणून नव्हे! जाणूनबुजून हलगर्जी करणाऱ्याला शासन झालेच पाहिजे, यात दुमत नाही. पण थोडक्यात चुकलेला प्रत्येक अपघात हा न मागता मिळालेला धडा असतो. तो वहीत लिहिणाऱ्याचे हात थरथरू लागले, तर तोच धडा पुढे शेकडो माणसांच्या जीवावर शिकावा लागतो.

पण सारा दोष खात्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये. या अंतरात तुमचा-आमचाही हात आहे. गेल्या वर्षी मी मुंबईस उतरत होते. इमारती जवळ आल्या, माणसे दिसू लागली, आणि एकाएकी विमान गरजून पुन्हा वर चढू लागले. काही जणांनी देवाचे नाव घेतले. थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितले, पुढचे विमान पट्टीवरून दूर झालेले नव्हते, म्हणून आपण एक फेरी घेऊन पुन्हा उतरतो. झाले! भीती ओसरली आणि संताप सुरू झाला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी घड्याळ पाहून त्या वैमानिकाचा उद्धार केला. मागच्या बाई म्हणाल्या, “आता पुढची गाडी चुकणार. भरपाई मागितली पाहिजे!” वीस मिनिटांनी आम्ही सुखरूप उतरलो, तेव्हा दारात उभ्या असलेल्या त्या तरुण हवाई सेविकेच्या नमस्काराला निम्म्या लोकांनी उत्तरही दिले नाही.

मी हे भाऊजींना सांगितले. ते म्हणाले, “ज्या दिवशी विमान परत वर जातं, तो दिवस चांगला गेला असं समज. पट्टी मोकळी नव्हती, कोणीतरी ते पाहिलं, कोणीतरी बोललं, आणि कोणीतरी ऐकलं. सगळं जिथल्या तिथे झालं.”

म्हणजे आपली ती वीस मिनिटे वाया गेली नव्हती. त्या वीस मिनिटांचेच नाव अंतर. आपण ते तिकिटाबरोबर विकत घेतलेले असते आणि हाती पडले की तक्रार करतो. ‘वेळेवर पोहोचविणारी’ कंपनी म्हणून आपण तिला डोक्यावर घेतो. ‘वेळीच परत फिरणारी’ म्हणून कोणाला पारितोषिक दिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कोणाचा मुलगा बंगळूरहून निघालेला असेल, कोणाची लेक-जावई दुबईहून येत असतील. घरी चकलीचे पीठ मळून तयार असेल आणि फोनवर निरोप येईल, ‘विमानाला उशीर आहे, वर घिरट्या घालतो आहे.’ तेव्हा जीव खालीवर करून घेऊ नका, आणि कोणाच्या नावाने बोटेही मोडू नका. एवढेच समजा की, जिचे तोंडही आपण कधी पाहणार नाही अशी एक व्यक्ती एका खोलीत कानाला यंत्र लावून बसली आहे, तुमच्या लेकराच्या विमानाला तिने एक आकडा दिला आहे, तो आकडा परत ऐकला आहे, आणि तो खरोखर पाळला जातो आहे की नाही, हे ती डोळ्यांत तेल घालून पाहत आहे. चकल्या अर्ध्या तासाने तळल्या तरी चालतील.